रस्ता झाडला, बिल निघालं, ढीग मात्र तिथंच

पायीपायी

गेले सतरा दिवस मी एका निळ्या स्लीपरवर पाळत ठेवून आहे. हसू नका, आधी वाचा.

रोज सकाळी सहा-सव्वासहाला फिरायला निघतो. झाडणाऱ्या बाई त्याच वेळी आमच्या गल्लीत येतात. काम चोख. लांब दांड्याचा खराटा, रस्त्याच्या मधून कडेकडे, दर दहा-पंधरा पावलांवर एक ढीग. पाला, माती, पिशव्यांच्या चिंध्या. गल्लीच्या टोकापर्यंत अकरा ढीग होतात, मी मोजलेत. पहिल्या दिवशी चौथ्या ढिगावर एक निळी स्लीपर होती, पट्टा तुटलेली.

ढीग उचलणारी गाडी येते साडेदहाला. कधी बाराला. कधी येतच नाही. तोवर दुचाक्या जातात, कुत्री उकरतात, वारा सुटतो. साडेनऊपर्यंत ढिगांच्या पोळ्या झालेल्या असतात आणि माती परत रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी बाई तीच माती झाडतात, तीच स्लीपर ढिगावर घालतात. सतरा दिवसांत ती चौथ्यावरून सहाव्यावर गेली, मग पाचव्यावर आली. काल संध्याकाळी जोराचा पाऊस झाला. आज सकाळी पावसाळी गटाराच्या जाळीवर ती आडवी पडलेली, आणि जाळीभोवती घोटाभर पाणी.

म्हणजे झाडण्याचं काम रोज झालं, एकही खाडा नाही. आणि रस्ता एकदाही स्वच्छ झाला नाही.

अ‍ॅपवर तक्रार टाकली होती. दोन दिवसांनी उत्तर आलं, 'तक्रारीचे निवारण झाले', सोबत फोटो. फोटोतल्या रस्त्याला दुभाजक आहे. आमच्या गल्लीत समोरून रिकामी हातगाडी आली तरी एकाला मागे यावं लागतं, दुभाजक कुठला! तक्रार पुन्हा उघडता येते, पण चोवीस तासांच्या आत. मी उत्तर पाहिलं दीड दिवसानं.

आणि हे झाडण्याचं झालं. पुढच्या चौकात नवं डांबर पडलं आणि बाराव्या दिवशी पाइपासाठी चर खणला. बुजवला तेव्हा उंटाच्या पाठीसारखा होता, आता नांगरल्यासारखा खोल गेलाय.

माणसं कमी आहेत, पैसा कमी आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण माझ्या गल्लीत माणूस येतो, गाडीही येते, पैसाही खर्च होतो. माझा संशय असा की आपण काम मोजतो, रस्ता मोजत नाही. आतली माहिती असणाऱ्यांनी सांगावं. आणि 'लोकांनाच शिस्त नाही' हा प्रतिसाद लिहिणाऱ्यांनी आधी स्लीपरचं उत्तर द्यावं.

तिरकस

लोकांनाच शिस्त नाही.

(दुसऱ्या पायातली स्लीपर कुठे आहे याची द्विसदस्यीय समितीमार्फत चौकशी व्हावी.)

फक्त_वाचते

पहिल्यांदाच लिहितेय. आमच्याकडे याच्या उलट आहे. गाडी सहाला येते, झाडणारे आठला. गाडी बिचारी रोज झाडलेला रस्ता सोडून न झाडलेल्या रस्त्यावर फिरून जाते. मला वाटायचं हे आमच्याच नशिबी.

जुना_ओव्हरसियर

तीस वर्षं रस्ते खात्यात काढली. त्यातली चार घनकचऱ्याकडे, 'तात्पुरती' बदली म्हणून. गाव विचारू नका.

पायीपायी, तुमची स्लीपर दोन ठेक्यांच्या मधल्या फटीत पडलीय. झाडण्याचं काम बहुतेक करारांत किलोमीटरवर नाहीतर हजेरीवर मोजतात. उचलण्याचं टनावर. गाडी काट्यावर जाते, वजन होतं, पावती मिळते, त्या पावतीवर बिल निघतं. आता तुम्ही गाडीवाले आहात असं समजा. वाळक्या पाल्याचे अकरा ढीग, त्यात निम्मी हवा. उचलायला दोन माणसं आणि अर्धा तास. काट्यावर मात्र काटा जेमतेम हलणार. त्याच अर्ध्या तासात बाजारामागचा ओला कचरा उचलला तर गाडी भरते. तुम्ही आधी कुठे जाल? तिथेच जाल. ह्यात कुणी चोर नाही, आळशीही नाही. दर ज्याला लावलाय त्याच्यामागे माणूस पळतो.

दुसरं म्हणजे दोन्ही ठेके वेगवेगळ्या वर्षी निघतात, वेगळ्या टेबलावरून. झाडल्यावर किती वेळात ढीग उचलायचा हे झाडणाऱ्याच्या करारात येत नाही, कारण उचलणं त्याचं काम नाही. उचलणाऱ्याच्या करारात येत नाही, कारण तो ढिगाला नव्हे, वजनाला बांधलेला. मी एका मसुद्यात 'झाडल्यापासून दोन तासांच्या आत' असं घातलं होतं. फाइल वर जाऊन परत आली तेव्हा 'दोन तासांच्या आत' खोडून 'त्वरित' केलेलं होतं. त्वरितला दंड लावता येत नाही. दोन तासांना येतो. ज्यानं खोडलं त्याला हे चांगलं कळत होतं.

फोटोबद्दल. एका कनिष्ठाकडे दिवसाला तीस-चाळीस तक्रारी येतात. सोमवारच्या बैठकीत 'बंद केलेल्या' तक्रारींचा आकडा वाचतात. सुटलेल्या किती, हा रकानाच नसतो. मग फोनमध्ये स्वच्छ रस्त्यांच्या फोटोंचा साठा तयार होतो. दुभाजकवाला फोटो त्यातलाच असणार.

तिरकस

ओव्हरसियर साहेब, कालमापनाची एकदा सारणी टाका. त्वरित, तातडीने, लवकरात लवकर, यथावकाश, योग्य ती कार्यवाही. चढता क्रम की उतरता?

जुना_ओव्हरसियर

'योग्य ती कार्यवाही' हे कालमापन नाही. ते मृत्युपत्र.

दूरदेशी

'काम मोजतो, रस्ता मोजत नाही' हे वाचून राहवलं नाही, कारण रस्ता मोजण्याच्या पद्धती आहेत आणि बऱ्याच जुन्या आहेत.

न्यू यॉर्कमध्ये १९७० च्या दशकापासून 'स्कोअरकार्ड' नावाचा प्रकार चालतो. सफाई खात्याशी संबंध नसलेली, महापौरांच्या कार्यालयाची माणसं रस्त्यावरून फिरतात आणि ठरलेल्या नमुना-फोटोंशी ताडून त्या तुकड्याला गुण देतात. किती झाडलं, कुणी झाडलं, किती गाड्या आल्या, काही विचारत नाहीत. आत्ता, ह्या घडीला रस्ता कसा दिसतोय एवढंच.

इंग्लंडमध्ये १९९० चा पर्यावरण संरक्षण कायदा आहे आणि त्याखाली एक आचारसंहिता. त्यात रस्त्याला अ, ब, क, ड अशा श्रेणी असतात. अ म्हणजे कचरा नाही, ड म्हणजे उकिरडा. किती वेळा झाडायचं हे त्यात सांगितलेलं नाही. रस्ता घसरला तर किती वेळात पुन्हा वर आणायचा, हे सांगितलंय. गर्दीच्या भागात अर्धा दिवस, मध्यम वर्दळीला एक दिवस, शांत भागात चौदा दिवस. रोज झाडा नाहीतर महिन्यातून एकदा, तुमचं तुम्ही बघा. आणि वैतागलेला माणूस पाच दिवसांची लेखी सूचना देऊन स्थानिक संस्थेविरुद्ध थेट दंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतो. सगळीकडे आरसपानी रस्ते आहेत असं नाही, तिथेही लोक बोंबलतच असतात. पण बोंबलायला माप आहे.

मोजपट्टी

दूरदेशींशी सहमत, पण थोडं पाणी घालतो. व्यवसायानं मोजमापवालाच आहे.

स्वच्छता मोजायला लागलात की स्वच्छतेच्या मापातही चोरी सुरू होते. तपासणी मंगळवारी असते हे कळलं की मंगळवारी रस्ता चकाचक. तपासनीस मुख्य रस्त्यावरून जातो हे कळलं की गल्ल्या गेल्या. म्हणून तीन गोष्टी हव्यात. रस्ते चिठ्ठ्या टाकून निवडायचे, तपासणाऱ्याचा पगार झाडणाऱ्या खात्यातून निघता कामा नये, आणि वेळ बदलती हवी. पायीपायींच्या गल्लीत साडेसहाला कुणी तपासणी केली तर अकरा नीटस ढीग दिसतील, 'उत्तम' शेरा मिळेल. साडेनऊला केली तर नापास. रस्ता तोच, बाई त्याच.

तक्रारीचंही तसंच. तक्रार कुणी बंद करायची? ज्यानं केली त्यानं. ब्रिटनमध्ये २००७ साली 'फिक्समायस्ट्रीट' नावाचं संकेतस्थळ सुरू झालं, सरकारी नव्हे, एका संस्थेचं. तिथे खड्ड्याची तक्रार सगळ्यांना नकाशावर दिसते, आणि चार आठवड्यांनी तक्रार करणाऱ्यालाच विचारतात, झालं का काम? कल्पना एवढीशी, पण दुभाजकवाला फोटो तिथे चालला नसता.

वैतागवाडी

एवढा अभ्यास कशाला? यंत्रं आणा आणि मोकळे व्हा. अजून खराटे वापरतोय आपण. जपानमध्ये चौकाएवढा खड्डा पडला तर आठवड्यात रस्ता चालू करतात. इथे ताटाएवढा खड्डा दोन पावसाळे टिकतो.

दूरदेशी

वैतागवाडी, झाडूयंत्र काही नवलाईची वस्तू नाही. इंग्लंडात मँचेस्टरमध्ये जोसेफ व्हिटवर्थनं घोड्यानं ओढायचं झाडूयंत्र १८४० च्या दशकात रस्त्यावर आणलं होतं. पावणेदोनशे वर्षं झाली. यंत्राची खरी अडचण वेगळीच आहे. यंत्राला रस्त्याची कड हवी, कारण कचरा आणि बारीक माती कडेलाच साठते. आणि कडेला काय असतं? उभ्या गाड्या. मग यंत्र गाड्यांना वळसा घालून रस्त्याच्या मध्यावरून जातं, जिथे झाडण्यासारखं काहीच नसतं. किलोमीटर मात्र भरतात.

न्यू यॉर्कनं म्हणूनच १९५० मध्ये आलटून-पालटून पार्किंगचा नियम आणला. ठरल्या वेळी रस्त्याची एक बाजू रिकामी, नाही केली तर दंड. त्याच्याही आधी, १८९५ साली, कर्नल जॉर्ज वेअरिंग नावाचा माणूस तिथे सफाई खात्याचा प्रमुख झाला. त्यानं आल्या आल्या ज्या गोष्टी केल्या त्यातली एक म्हणजे रात्रभर रस्त्यात सोडलेल्या बिनघोड्याच्या गाड्या उचलून नेणं. गाडीखाली खराटा जात नाही, हे त्याला पहिल्याच झटक्यात कळलं. झाडणाऱ्यांना पांढरे गणवेश दिले, १८९६ मध्ये त्यांचं शहरातून संचलन काढलं. लोक त्यांना 'व्हाइट विंग्ज' म्हणायला लागले. त्याच नाक्यांचे १८९३ चे आणि १८९५ चे फोटो आहेत. पहिल्यात गुडघाभर घाण, दुसऱ्यात फरसबंदी दिसतेय.

खराटा

माझी आई सव्वीस वर्षं रस्ते झाडत होती. म्हणून हे नाव.

पांढऱ्या गणवेशाची गोष्ट मीही कुठेतरी वाचली होती, आईला सांगितली. आईचा पहिला प्रश्न, 'पांढरा? आणि धुवायचा कुणी?' शहरानं बघावं म्हणून पांढरा, हे तिलाही कळलं. पण त्या झाडणाऱ्यांच्या घरी संध्याकाळी नळाला पाणी होतं का, हे कुणी लिहून ठेवलंय का, असं तिनं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

धाग्यात सगळे ठेके, मापं, श्रेणी बोलताय. मला ढकलगाडीच्या चाकाबद्दल बोलायचंय. दोन डबे बसतील अशी लोखंडी गाडी असते. ढीग लहान असला की झाडणाऱ्याच तो सुपलीनं डब्यात भरतात, गाडी कोपऱ्यावरच्या कुंडीपर्यंत नेतात. पद्धत हीच होती. आईच्या गाडीचं पुढचं चाक वाकडं होतं. भरली की डावीकडे ओढायची. उजव्या मनगटावर जोर देऊन सरळ ठेवायची, त्यात मनगट गेलं. चाक बदलून द्या म्हणून मुकादमाकडे अर्ज. मुकादमानं पुढे पाठवला. गाडी भांडार विभागाची, चाक कार्यशाळेचं, आणि जुनी गाडी जमा केल्याशिवाय नवी मिळत नाही. जमा केली तर नवी येईपर्यंत काम कशावर करायचं? सात महिने. शेवटी आईनं पदरचे पैसे घालून वेल्डिंगवाल्याकडून चाक सरळ करून घेतलं.

पायीपायी, तुमच्या बाई ढीग तसेच का टाकून जातात ते एकदा त्यांना विचारा. माझी पैज आहे, त्यांच्याकडे गाडी नाही.

आणि बारीक मातीचं काय होतं हेही लिहिते. कोरडी माती खराट्यानं झाडली की ती निम्मी उडते आणि झाडणाऱ्याच्या छातीत जाते. आईला आधी पाणी शिंपडू द्यायचे, मग पाणी बंद झालं. मास्क मिळायचे, कापडी. सहा वाजता खोकल्याचा आवाज आला की आम्हाला कळायचं, आई गल्लीच्या टोकाला आली.

पायीपायी

खराटा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. उद्या विचारतो.

वैतागवाडी

खराटा, माफ करा. 'अजून खराटे वापरतोय' हे मी माणसांबद्दल लिहिलं नव्हतं, तरी तसं वाचलं जातं हे आता दिसतंय.

जपानवर मात्र ठाम आहे.

जुना_ओव्हरसियर

जपानच्या त्या खड्ड्याबद्दल. फुकुओका शहर, हाकाता स्थानकाजवळ, ८ नोव्हेंबर २०१६. साधारण तीस मीटर लांब, सत्तावीस रुंद, पंधरा खोल. १५ तारखेला पहाटे रस्ता खुला झाला. काम तोंडात बोट घालायला लावणारं, वाद नाही. सिमेंट मिसळलेली पातळ माती ओतली, जी पाण्याखालीही घट्ट होते.

पण पुढचं कुणी सांगत नाही. खड्डा पडला तो खालून भुयारी रेल्वेचा बोगदा खणत होते म्हणून, आणि तो बोगदा शहराचाच होता. भरल्यावर दोन आठवड्यांच्या आत रस्ता जास्तीत जास्त सात सेंटीमीटर खचला, पुन्हा काही तास बंद ठेवला. महापौरांनी माफी मागितली. मला त्यातला वेग घ्यायचा नाही. जगभरच्या छायाचित्रकारांसमोर पडलेला खड्डा कुठलंही शहर लवकर भरेल. रोजचा, कुणी न बघणारा ताटाएवढा खड्डा कसा भरतात, त्यावर खातं कळतं.

तो कसा भरायचा? खड्ड्याच्या कडा कापून चौकोन करायचा, उभ्या कडा. सुटी खडी, धूळ, पाणी काढायचं. तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात. मग गरम मिश्रण, थर देऊन, गार व्हायच्या आत रोलरनं किंवा कंपन-पाटीनं दाबायचं. गरम डांबर दीडशे अंशांच्या आसपास प्रकल्पातून निघतं. ऐंशी-नव्वदच्या खाली गेलं की कितीही रोलर फिरवा, आतली हवा निघत नाही. पोकळ्या राहिल्या की पाणी शिरतं, पाण्यावरून चाक गेलं की पाणी दाबानं खडीवरचं डांबर सोडवतं, आणि एका पावसात खडी सुटी होऊन बाजूला उडते.

आता प्रत्यक्ष काय होतं. ट्रक सकाळी आठला भरतो आणि बारा खड्डे गाठत गाठत दुपारी दोनला शेवटच्या खड्ड्यावर येतो. तोवर मिश्रण कोमट. पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात फावड्यानं टाकतात, फावड्याच्या पाठीनं थोपटतात आणि ट्रकचंच मागचं चाक दोनदा वरून नेतात. रोलर? एक असतो, तो दुसऱ्या वॉर्डात. बिल चौरस मीटरवर. थोपटलेल्या आणि दाबलेल्या चौरस मीटरला दर एकच.

नळाखाली

मी पाणीपुरवठ्याकडचा. 'नवा रस्ता बाराव्या दिवशी खणला' हे वाक्य आमच्यावर रोज येऊन आदळतं, म्हणून बाजू मांडतो.

गळती वेळापत्रक बघून होत नाही. पण खरं सांगायचं तर बाराव्या दिवशीचं खोदकाम बहुतेक वेळा गळतीचं नसतंच. ते मंजूर झालेलं काम असतं, ज्याचा पैसा आर्थिक वर्ष संपायच्या आत खर्च व्हायला हवा. रस्तेवाल्यांचाही तसाच. दोघे एकाच महिन्यात एकाच रस्त्यावर उतरतात, आणि आधी डांबर की आधी पाइप हे कुणाची फाइल आधी सुटली त्यावर ठरतं. दोन्ही खाती एकाच इमारतीत. माझ्या वेळी आम्ही दुसऱ्या मजल्यावर, रस्ते तिसऱ्या.

आणि खाली नक्की काय आहे हे कुणालाच धड माहीत नसतं. कागदावरचा नकाशा वेगळा, जमिनीतली वाहिनी वेगळी. आमच्याकडे एक जुने व्हॉल्व्हमन होते. रस्त्यावर पाय आपटून सांगायचे, 'इथनं दीड हात डावीकडे.' ते निवृत्त झाल्यापासून प्रत्येक खोदकाम दोनदा होतं. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात माणूस उभा चालू शकेल एवढी गटारं बांधली आणि पाण्याच्या वाहिन्या त्यांच्याच छताला टांगल्या. दुरुस्ती आतून, रस्ता वरून शाबूत. एकदाच खर्च केला, पण केला.

जुना_ओव्हरसियर

नळाखाली, आपण बहुतेक जिन्यात भेटलो असू.

चराबद्दल एकच. चर बुजवताना माती एकदम लोटायची नसते. वीतभर थर, दाबा, पुन्हा वीतभर. दीड मीटर खोल चराला आठ-दहा थर होतात. दिवसभराचं काम. एकदम लोटलं तर अर्ध्या तासात उरकतं, वर उंटाची पाठ करून ठेवायची, 'वाहतुकीनं बसेल' म्हणायचं. बसतं, पण वर केलेल्या पाठीपेक्षा जास्त बसतं. पायीपायींचा चर हाच.

आणि तो चर ज्या रस्त्यात गेला त्याचा दोष दायित्व कालावधी संपला असं समजा. रस्ता खराब झाला तर ठराविक वर्षं ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. पण मधे दुसऱ्या खात्यानं खणलं की ठेकेदार हात वर करतो, आणि कायद्यानं त्याचं बरोबर असतं. खणणाऱ्यानं भरलेले रस्ता-दुरुस्तीचे पैसे तिजोरीत जमा होतात. रस्त्यावर ते उतरतीलच असं नाही.

मोजपट्टी

एक अवांतर, पण विषयाला धरून. रस्त्याची झीज कोण करतं यावर १९५८ ते १९६० मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यात मोठा प्रयोग झाला होता. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर दोन वर्षं ट्रक फिरवले. निष्कर्ष ढोबळमानानं असा की अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट झाला तर नुकसान दुप्पट होत नाही, सोळापट होतं. आता भरलेली कचरागाडी आठवा. टनावर बिल, म्हणून ठासून भरलेली. ती ज्या गल्लीतून जाते ती गल्ली तेवढ्या भारासाठी बांधलेलीच नसते. सफाईचा करार रस्त्याच्या कराराला खातोय आणि दोन्ही कागद एकमेकांना ओळखत नाहीत.

तिरकस

म्हणजे न आलेली गाडी ही रस्त्याची सेवा होती. सतरा दिवस उगाच शिव्या घातल्या.

फक्त_वाचते

ज्यांची खाती वेगळी त्यांना जोडायचं कुणी? हाच प्रश्न मला पडलाय. कुठे जमलंय का हे?

दूरदेशी

सिंगापूरचं सांगतो. तिथे तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी २०१४ च्या राष्ट्रीय दिनाच्या भाषणात चक्क एका काडीची गोष्ट सांगितली होती, खाऊन टाकलेल्या पदार्थाची काडी. एका पादचारी वाटेजवळचा पट्टा. उतार एका खात्याचा, मधली बागेची वाट दुसऱ्याचा, रस्त्याकडेचा पदपथ तिसऱ्याचा. प्रत्येकाचं झाडण्याचं वेळापत्रक वेगळं. काडी कुठे पडलीय त्यावर ती किती दिवस राहणार हे ठरायचं. तुमच्या स्लीपरची सख्खी बहीण म्हणा ना. त्याच वर्षी त्यांनी नगरसेवांच्या समन्वयासाठी वेगळं कार्यालय काढलं आणि पुढच्या वर्षी एकच अ‍ॅप. तक्रार टाकणाऱ्यानं खातं शोधायचं नाही, ते त्यांनी आपसात बघायचं. एवढं शिस्तीचं नाव असलेलं शहर, आणि त्याचीही गाडी काडीवर अडली होती, हे मला बरं वाटतं.

पायीपायी

मंडळी, उशीर झाला, पण गेल्या तीन आठवड्यांत थोडं घडलंय.

खराटा, पैज तुम्ही जिंकलात. बाईंना विचारलं. गाडी होती, चार महिन्यांपूर्वी कार्यशाळेत गेली ती आली नाही. 'ढीग करून ठेवा, गाडी उचलेल' असं तोंडी सांगितलेलं. त्यांच्याकडे दोन गल्ल्या जास्तीच्या आहेत, एक सहकारी निवृत्त झाली, तिच्या जागी कुणी आलं नाही. ढकलगाडी नसल्यामुळे दोन गल्ल्या जास्त झाडून होतात, हेही त्यांनी हसत सांगितलं. म्हणजे कागदावर किलोमीटर वाढलेत.

मग मुकादमांना गाठलं. सकाळी हजेरी घेतात तिथेच गेलो, अ‍ॅप-बिप काही नाही. ओव्हरसियर काकांनी सांगितलेलं टन आणि किलोमीटरचं बोललो तर ते दचकले. म्हणाले, 'तुम्ही आधी कुठे होता? आमच्यातले का?' गाडीची फेरी आमच्याकडून सुरू करा, शेवटी नको, एवढंच मागितलं. पैसा लागत नाही, माणूस लागत नाही. त्यांनी दोन दिवस मागितले, आठ घेतले. आता गाडी सात-सव्वासातला येते. मोजपट्टींचं ऐकून वेगवेगळ्या वेळी जाऊन बघतो. गेल्या दोन आठवड्यांत बारापैकी नऊ दिवस साडेनऊला रस्ता स्वच्छ होता. तीन दिवस गाडी आलीच नाही. वही ठेवलीय.

खराटा

आणि ढकलगाडी?

पायीपायी

नाही आली. मुकादम म्हणाले, कार्यशाळेकडे पत्र गेलंय. आम्ही गल्लीतले सहा जण मिळून लेखी अर्ज देतोय, त्यात 'त्वरित' लिहिलेलं नाही, तारीख लिहिलीय. अर्जाची पोच घेईन.

जुना_ओव्हरसियर

पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक दोन्ही घ्या. नुसता शिक्का असला तर अर्ज 'आढळून येत नाही'. आणि प्रत बाईंच्या नावानं जाऊ देऊ नका, त्यांना त्रास होईल. रहिवासी म्हणून तुमचीच नावं घाला.

तिरकस

सगळं ठीक. स्लीपरचं काय झालं ते सांगा, आम्ही त्यासाठी धागा वर काढत होतो.

पायीपायी

जाळीच्या दोन गजांमधून खाली गेली. वाकून पाहिलं तर दिसते, गाळात अर्धी रुतलेली. गाडीवाल्याला दाखवली. म्हणाला, जाळीच्या वरचं आमचं, खालचं मलनिस्सारणवाल्यांचं.